डोंगरावरचा पाऊस कोण मोजतो?

पनवेलच्या बाजारात कधी नुसती भुरभुर असते. त्याच वेळी माथेरानच्या डोंगरावर धो धो पाऊस पडतो. असे का होते?

पावसाळी वारा समुद्रावरून येतो. त्यात वाफ भरलेली असते. डोंगर आडवा आला की वारा वर चढतो. वर हवा थंड. तिथे वाफेचे पाणी होते अन् पाऊस कोसळतो. म्हणून खालच्या पावसावरून डोंगरावरचा पाऊस सांगता येत नाही.

मग अंदाज बांधायचा कसा? उपग्रह वरून ढग पाहतो. रडार दुरून पाऊस हेरते. पण रडारच्या लहरी डोंगराला अडतात. डोंगराआडची दरी त्याला नीट दिसत नाही. म्हणून जमिनीवरही पहारेकरी हवा.

हा पहारेकरी म्हणजे स्वयंचलित हवामान केंद्र. उघड्या जागेत एक खांब, त्यावर यंत्रे. ती पाऊस, वारा, ऊबारा आणि हवेतला ओलावा मोजतात. माणूस लागत नाही. आकडे आपोआप कचेरीत पोचतात. तिथे संगणक हिशेब करतो. जितकी ठिकाणे जास्त, तितका हिशेब खरा.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेत एक लिटर पाणी पडले, की तो १ मिलिमीटर पाऊस.

महाराष्ट्रात २०१७ साली 'महावेध' योजना सुरू झाली. तिच्यात महसूल मंडळांत अशी केंद्रे उभी राहिली. महाबळेश्वरला ढग जमिनीला टेकतात. तिथे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली ढगांची प्रयोगशाळा काढली.

पण एका मंडळात गावे अनेक. केंद्र सपाटीला आणि वाडी डोंगरात, असेही होते. डोंगरातल्या वाडीला काय धोका असतो, ते इर्शाळवाडीने दाखवले. पनवेलजवळ, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत ही वाडी होती. पाऊस लागून राहिला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ जणांचे देह सापडले. ५७ जण सापडलेच नाहीत.

दरड नेमकी कधी सुटेल, हे यंत्र सांगत नाही. पण डोंगरावर किती पाणी मुरले, याचा आकडा वेळेवर मिळाला, तर वाडी आधी हलवता येते.

तेव्हा केंद्राला गुरे बांधू नका. पोरांना खांबावर चढू देऊ नका. आणि डोंगराला भेगा दिसल्या, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर इशाऱ्याची वाट पाहू नका. घर सोडा, शेजाऱ्यालाही उठवा.