मोजून केलेले मोजके बदल

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगितले जाते. कोहळी समाजाने पूर्व विदर्भात असे अनेक तलाव उभारले. या तलावांना पंप नव्हते. पाणी पाळीमागे साठायचे आणि तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडण्याच्या दारातून, स्वतःच्याच दाबाने पाटात उतरायचे. शेताला किती पाणी मिळेल हे तलावातील पातळी, तुडुमाचे तोंड आणि पाटातली सर्वांत अरुंद जागा यांवर ठरते. पाट मध्येच गाळाने भरला असेल, तर तुडुम रुंद करून काहीच साधत नाही.

साध्या पेट्रोल इंजिनात हवेचेही असेच होते. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमधला दाब कमी होतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आत ढकलतो. अशा इंजिनाला ‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’ म्हणतात. आपण त्याला नैसर्गिक श्वसनाचे इंजिन म्हणू. टर्बोचार्जरच्या इंजिनात हवा दाबून भरली जाते, म्हणजे तेथे पंप बसवलेला असतो. नैसर्गिक श्वसनाच्या इंजिनाला मात्र वातावरण देईल तेवढ्यावरच भागवावे लागते.

वरच्या वर्गांतील मुलांना गाड्यांमध्ये फेरफार करण्याचे फार आकर्षण असते. सायलेन्सर काढणे, मोठी चाके लावणे, उघडा एअर फिल्टर बसवणे यांवर बरेच पैसे खर्च होतात. गाडीचा आवाज वाढला की तिची शक्तीही वाढली, असा समज होतो. हा समज कधी जिवावरही बेततो. म्हणून शिक्षकांनी हा विषय टाळण्यापेक्षा तो वर्गात गणितासह मांडावा, असे आम्हाला वाटते.

एक खरे उदाहरण घेऊ. १९९८ मध्ये ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स मोटार बाजारात आली. ती गोव्यात तयार होत असे. तिचा सांगाडा झाकणारे कवच फायबरग्लासचे आणि इंजिन रेनो कंपनीचे, ११४९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे होते. ही मोटार आता बनत नाही. पण ती जपणाऱ्याने तिच्यात काय बदलावे, हा प्रश्न आपल्याला उपयोगी आहे.

प्रथम इंजिनाचा श्वास मोजू. इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे फिरते असे धरू. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा आत येते, म्हणजे मिनिटाला २,७५० वेळा. त्यास १.१४९ लिटरने गुणल्यास सेकंदाला सुमारे ५३ लिटर हवा होते. सिलिंडर प्रत्यक्षात पूर्ण भरत नाहीत. ते ८५ टक्के भरतात असे धरले, तर ४५ लिटर, म्हणजे सुमारे ५४ ग्रॅम हवा मिळते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून सेकंदाला ३.७ ग्रॅमच पेट्रोल जळू शकते. एका ग्रॅममधून सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता मिळते, म्हणजे एकूण साधारण १६० किलोवॅट. त्यातील २७ टक्के चाकांच्या कामी आली असे धरले, तर ४३ किलोवॅट, अर्थात सुमारे ५८ अश्वशक्ती उरते. कंपनीचा आकडा याच्या जवळच आहे. शक्तीची मर्यादा हवेने घातली आहे, पेट्रोलने नव्हे, हे या हिशेबातून दिसते.

हवेचे वजन तापमानावर अवलंबून असते. मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. २५ अंश म्हणजे २९८ केल्विन आणि ४५ अंश म्हणजे ३१८ केल्विन. दाब तोच असेल, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे ६ टक्के हवा कमी मावते. मोटारीत काहीही न बिघडता तीन-चार अश्वशक्ती उन्हानेच जाते. आता बॉनेटखाली उघडा फिल्टर बसवला आणि तो तेथील ६५ अंशांची हवा ओढू लागला, तर आणखी ६ टक्के घट होईल. कंपनीच्या फिल्टरची नळी बॉनेटच्या कडेला बाहेरची हवा घ्यायला नेलेली असते, ती यासाठीच.

मग जुना फिल्टर खरोखर किती अडवतो? हे मोजायला यू आकाराची पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी पुरते. नळीचे एक टोक फिल्टरच्या पुढच्या मार्गाला जोडायचे आणि दुसरे मोकळे ठेवायचे. हे काम जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणून पूर्ण वेगात दोन पातळ्यांत १० सेंटिमीटर फरक पडला, तर अडथळा एक टक्क्याचा झाला. फिल्टर कितीही महागडा आणला, तरी त्या एका टक्क्यापेक्षा अधिक परत मिळणार नाही. जास्त फरक दिसला, तर बहुधा फिल्टर धुळीने भरलेला असतो आणि नवा साधा फिल्टर पुरतो.

आता वजनाकडे वळू. त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. माणसांसह मोटार १,००० किलोग्रॅम धरली आणि डिकीतले अनावश्यक सामान काढून ५० किलोग्रॅम कमी केले, तर सुरुवातीच्या वेगवाढीत तीन अश्वशक्ती मिळवल्याइतका फायदा होतो. शिवाय ब्रेक आणि टायरही हलके होतात. मोठ्या चाकांनी उलटे घडते. चाकाचा घेर ५ टक्के वाढला, तर रस्त्यावरचे बल तितकेच घटते आणि वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

खरा खर्च टायर आणि ब्रेक यांवर करावा. वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर असू द्या. घर्षणांक ०.८ असेल, तर ब्रेक लागल्यानंतर मोटार २५ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरांमुळे तो ०.४ झाला, तर ५० मीटर लागतात. चालकाला भान येण्यास एक सेकंद लागला, तर त्यात २० मीटरची भर पडते. जंगलातील रस्त्यावर एखादे चितळ आडवे आले, तर फरक कशाने पडेल हे वेगळे सांगायला नको. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी तीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. तेल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसते खाली जाते. वेळच्या वेळी तेल बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि मोलाचा बदल आहे.

सायलेन्सर मात्र जागेवरच राहू द्यावा. आवाज १० डेसिबलने वाढणे म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होणे. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित पक्षी उतरतात. त्यांना त्या आवाजाचा उपद्रवच होतो. कायदाही येथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना एक वही करायला सांगावी. काय कमी पडते आहे ते आधी लिहावे, मग ते मोजावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, त्याच तापमानाला पुन्हा मोजावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फायदा कोणामुळे झाला हे कळत नाही. प्रयोगशाळेत आपण हाच नियम शिकवतो. मोटार नसलेल्या शाळेला तो सायकलवरही शिकवता येईल. टायरमधली हवा, साखळीचे तेल आणि ब्रेकचे रबर यांपासून सुरुवात करावी.