छावणींतील बालकांचें खेळघर

आमच्या मदतखात्याचा हिशेब पाहणारे कित्येक व्यापारी गृहस्थ विचारतात कीं, जेथें पोटाचीच भ्रांत तेथें तीन-चार वर्षांच्या मुलांस शाळा कशाला? प्रश्न रास्त आहे.

ऑगस्ट 2017 पासून म्यानमारच्या राखाइन, म्हणजे जुन्या आराकान, प्रांतांतून सात लाखांवर रोहिंग्या लोक बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यांत आश्रयास आले. कुटुपालोंगच्या टेकड्यांवर बांबू व ताडपत्री यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्यांत निम्म्याहून अधिक मुलेंच. पक्की इमारत बांधण्यास तेथील सरकारची मनाई, तेव्हां शाळाही ताडपत्रीखालींच.

या वयांत शाळा म्हणजे पाटी-पुस्तक नव्हे. घर जळतांना पाहिलेलें मूल रात्रीं दचकून उठतें, बोलेनासें होतें, आईचा पदर सोडीत नाहीं. त्यास रोज ठरल्या वेळीं, ओळखीच्या माणसाजवळ, आपल्या बोलींत खेळावयास मिळालें म्हणजे भीति हळूहळू ओसरते व खुंटलेली वाढ पुन्हां चालू होते. आईसही शिध्याच्या रांगेंत निर्धास्त उभें राहतां येतें. बांगलादेशांतील ‘ब्रॅक’ संस्थेनें हें जाणून खेळघरें काढलीं. शिकविण्यासाठीं छावणींतील रोहिंग्या तरुणींसच तयार केलें. आयांनीं आठवणींतील नक्षी सजावटीस दिली, आपल्या लहानपणींचे खेळ व बडबडगाणीं सांगितलीं. तोच अभ्यासक्रम झाला. सर्वस्व गमावलेल्या बायकांजवळ एवढें शिल्लक असेल, हें आमच्याही ध्यानीं आलें नसतें.

कोल्हापूरकरांस यांत नवल वाटूं नये. 1943 ते 1948 या काळांत वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक बायका व मुलें. आणि तेथेंही मोठ्यांच्या शाळांबरोबर शिशुवर्ग होता.

खर्चाचें म्हणाल तर बांबू-ताडपत्रीस फारसें लागत नाहीं. लागतें तें शिक्षिकेच्या मानधनास, व तें दरमहा. घोडें अडतें तें येथेंच. इमारतीवर नांवाची शिला लावणारे दाते मिळतात; बाईंच्या पगारास पैसा देणारा विरळा. जून 2025 मध्यें निधीच्या टंचाईमुळें युनिसेफला कॉक्स बाजारच्या छावण्यांतील वर्ग थांबवावे लागले. अकराशेंहून अधिक बांगलादेशी शिक्षकांचें काम गेलें, आणि बालवर्ग ते दुसरीचे वर्ग नवा पैसा आल्यावांचून उघडणार नाहींत असें तिला जाहीर करावें लागलें. कात्री प्रथम सर्वांत लहानांवर चालली.

यास्तव धनिक व जमीनदार मंडळींस विनंती कीं, निर्वासितांच्या बालवर्गांसाठीं देणगी देतांना एकदांच मोठी रक्कम न देतां, लहान कां होईना, निदान तीन वर्षांची सालिना नेमणूक लिहून द्यावी.