साखळी-विक्रीचा धंदा : किफायतीचा की भ्रमाचा ?

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील तरुण मंडळी, घरातील सुना-लेकी आणि निवृत्त झालेले गृहस्थ यांच्या तोंडी एका नव्या धंद्याचे नाव वारंवार ऐकू येते. कोणी त्यास 'नेटवर्क मार्केटिंग' म्हणतात, कोणी 'चेन' म्हणतात, कोणी नुसतेच 'बिझिनेस' म्हणतात. शास्त्रीय नाव 'बहुस्तरीय विक्रीपद्धती' असे आहे. दुकान नको, गुदाम नको, भांडवल अल्प, उधारी-वसुलीची कटकट नाही आणि काही वर्षांनी घरबसल्या महिना लाखाची प्राप्ती, असे त्याचे वर्णन केले जाते. ज्यांची हयात बाजारात गेली त्या वडीलधाऱ्यांस मुले विचारतात, "काका, यात पडावे की पडू नये ?" त्यांस नुसते 'नको' म्हणून गप्प करणे योग्य नव्हे. व्यापाऱ्याने व्यापाराचा विचार हिशेबाने करावा. त्या दृष्टीने या विषयाचे विवेचन येथे करीत आहे.

प्रथम ही पद्धत मूळची काय आहे ते पाहू. अमेरिकेत १९४५ च्या सुमारास 'न्यूट्रिलाइट' नावाची पोषक द्रव्ये विकण्यासाठी एक योजना निघाली. विक्रेत्याने माल विकावा, नवे विक्रेते तयार करावेत आणि त्यांच्या विक्रीवरही काही दलाली घ्यावी, असे तिचे स्वरूप होते. तीच द्रव्ये विकणाऱ्या दोघा मित्रांनी १९५९ साली 'अ‍ॅमवे' ही कंपनी काढली. हिंदुस्थानात तिचा व्यापार १९९८ साली सुरू झाला. पुढे देशी-परदेशी अनेक कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. साबण, दंतमंजन, प्रथिनांची भुकटी, सौंदर्यप्रसाधने, सोन्याची नाणी, सहलींची कूपने असा नाना प्रकारचा माल या मार्गाने घरोघर पोहोचू लागला.

या धंद्यात मिळकतीचे मार्ग दोन. पहिला, माल घेऊन तो बाहेरच्या गिऱ्हाइकास नफ्याने विकणे. हा शुद्ध व्यापार होय आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. दुसरा, आपल्या हाताखाली माणसे जोडणे, त्यांनी आणखी माणसे जोडणे आणि त्या सर्वांच्या खरेदीवर टक्केवारी मिळणे. सभांमधून ज्या मोटारी, बंगले आणि परदेशच्या सफरी दाखविल्या जातात, त्या बहुधा या दुसऱ्या मार्गाच्या असतात. म्हणून परीक्षा करावयाची ती या दुसऱ्या मार्गाची.

हा मार्ग गणितावर उभा आहे, तेव्हा गणितच मांडून पाहू. प्रत्येकाने फक्त सहा माणसे जोडावयाची, असे समजा. ऐकावयास किती सोपे ! एकाचे ६, सहांचे ३६, पुढे २१६, मग १,२९६, मग ७,७७६. दहाव्या पायरीस ही संख्या ६ कोटींच्या वर जाते, अकराव्या पायरीस ३६ कोटींच्या वर. बाराव्या पायरीस २१७ कोटी माणसे लागतात, म्हणजे सबंध भारताची लोकसंख्या पुरत नाही. तेराव्या पायरीस १,३०६ कोटी लागतात, इतकी माणसे पृथ्वीवरच नाहीत. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे मागणाऱ्याची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. आम्हा धान्यवाल्यांस ती वजनात समजते. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरले, तर चौसष्ट घरांचा गहू सुमारे ७३ हजार ८०० कोटी टन होतो. साऱ्या जगाचे गव्हाचे पीक वर्षाला सुमारे ८० कोटी टन, म्हणजे नऊशे वर्षांचे पीक झाले ! दुप्पट-चौपट वाढणारी गोष्ट कागदावर चालते, बाजारात चालत नाही.

परंतु साखळी कोठेतरी तुटते, एवढेच सांगून मुद्दा संपत नाही. खरी मेख यापुढे आहे. साखळी कोणत्याही पायरीवर थांबवा आणि माणसे मोजा. सहा-सहाच्या साखळीत दर शंभर सभासदांपैकी सुमारे ८३ जण सर्वांत खालच्या थरात असतात आणि त्यांच्याखाली एकही माणूस नसतो. त्यांच्या वरचा थर धरला, तर शंभरांपैकी ९७ जण होतात. त्यातील १४ जणांच्या हाताखाली फक्त त्यांची स्वतःची सहा माणसे असतात. उरलेल्या तिघांसाठीच पुष्कळ खोल साखळी असते. म्हणजे सर्वांनी प्रामाणिकपणे आणि सारखीच मेहनत केली तरीही शंभरांपैकी ८३ जणांस दुसऱ्या मार्गाची मिळकत शून्यच राहणार. त्यांचा आळस किंवा त्यांच्यात 'पॉझिटिव्ह विचार' नसणे हे त्याचे कारण नव्हे. आकृतीच तशी आहे. सभेत अपयशी माणसास दोष दिला जातो तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : "काका, तुम्हीसुद्धा घाऊक व्यापारी. तुमच्याखाली किरकोळ दुकानदार आहेत, त्यांच्या विक्रीवर तुम्ही नफा घेता. मग फरक काय ?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तरही स्पष्ट आहे. रविवार पेठेतून गावोगावच्या दुकानांस तांदूळ, डाळ, गूळ जातो तो शेवटी कोणाच्या तरी ताटात जातो. तो खाणारा मनुष्य आमच्या साखळीत नसतो आणि त्याला दलालीची आशा नसते. त्याला डाळ हवी असते, म्हणून तो पैसे देतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. त्याच्या त्या पैशातून किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, अडत्या, हमाल आणि गाडीवाला असे सगळे जगतात. साखळी-धंद्यात मात्र बहुतेक ठिकाणी माल घेणारा आणि विकणारा एकच असतो. सभासदांनीच माल घ्यावयाचा आणि सभासदांतच दलाली वाटावयाची. बाहेरचा पैसा आत येत नसेल, तर आतलाच पैसा खालून वर जातो. यास व्यापार म्हणावे की वर्गणी ?

दुसरा फरक असा, की एका गल्लीत तीन किराणा दुकाने चालत असतील, तर शहाणा घाऊक व्यापारी तेथे वीस दुकानदार उभे करीत नाही, कारण त्यात सर्वांचेच नुकसान होते. साखळी-धंद्यात विक्रेता आपल्या चांगल्या गिऱ्हाइकासच सांगतो, "नुसता माल काय घेता, तुम्हीही मेंबर व्हा." ज्या क्षणी गिऱ्हाईक मेंबर झाले, त्या क्षणी त्याने एक गिऱ्हाईक गमावले आणि त्याच गल्लीत एक प्रतिस्पर्धी निर्माण केला. स्वतःच्या हाताने स्वतःचा बाजार मोडणारा असा धंदा आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

आता जमाखर्चाकडे वळू. आमच्या ओळखीच्या एका घरातील मुलाने अशाच एका कंपनीचे काम चौदा महिने केले. तो हुशार, कष्टाळू आणि वाणीने गोड. "मला नऊ हजारांहून अधिक कमिशन मिळाले," असे तो अभिमानाने सांगत असे. त्याच्या वडिलांच्या विनंतीवरून आम्ही त्याची कागदपत्रे घेऊन बसलो आणि रीतसर खाते मांडले. सभासदत्व चालू राहावे म्हणून दरमहा ३,५०० रुपयांची खरेदी, चौदा महिन्यांचे ४९,००० रुपये. सभांचा प्रवास व चहापाणी ११,२०० रुपये. मेळाव्यांची तिकिटे व पुस्तके ६,८०० रुपये. एकूण नावे ६७,००० रुपये. जमेस कमिशन ९,३५० रुपये आणि बाहेर विकलेल्या मालाचे ८,४०० रुपये. घरात वापरलेला माल बाजारात साधारण १५,००० रुपयांस मिळाला असता, तेही जमेस धरले. एकूण जमा ३२,७५० रुपये. निव्वळ तोटा ३४,२५० रुपये. कपाटात उरलेल्या डब्यांची मुदत संपत आली होती, म्हणून त्यांची किंमत शून्य धरावी लागली. आठवड्यातील दोन संध्याकाळी या कामी गेल्या, त्यांची मजुरी तर कोणी मांडलीच नाही. मुलगा खोटे बोलत नव्हता. तो फक्त जमेची बाजू वाचत होता. आपल्या पूर्वजांनी रोजकीर्द आणि खतावणी यांची शिस्त घालून दिली ती याचसाठी.

यापुढे कायद्याचा विचार. १९७८ साली संसदेने बक्षीस चिट व पैसा-फिरवणूक योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. सभासद जोडण्यावर अवलंबून असलेल्या, झटपट पैसा मिळवून देणाऱ्या योजना त्याखाली निषिद्ध आहेत. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या लोकांस एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते : योजना चालविणाराच नव्हे, तर तीत सभासद होणारा आणि भाग घेणाराही या कायद्याच्या कक्षेत येतो. "मी तर साधा मेंबर," हा बचाव पुरत नाही. पुढे ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम निघाले. त्यांनुसार विक्रेत्याकडून प्रवेश फी किंवा नोंदणी फी घेता येत नाही, विक्रेत्याशी आधी लेखी करार करावा लागतो आणि मनोऱ्यासारख्या योजना, म्हणजे केवळ माणसे भरती केल्याबद्दल लाभ देणाऱ्या योजना, चालविण्यास मनाई आहे. म्हणजे थेट विक्री कायदेशीर आहे, भरतीची दलाली नाही. हा भेद नीट लक्षात ठेवावा.

न्यायालयांनी आणि सरकारी यंत्रणांनी हा विषय अनेकदा तपासला आहे. अमेरिकेत १९७९ साली तेथील व्यापार आयोगाने अ‍ॅमवेची योजना बेकायदा मनोरा नाही, असा निर्णय दिला. त्यात कंपनीच्या तीन नियमांस महत्त्व होते. विक्रेत्याने घेतलेल्या मालापैकी निदान ७० टक्के माल विकलाच पाहिजे, दरमहा दहा बाहेरची गिऱ्हाइके झाली पाहिजेत आणि न खपलेला माल कंपनीने परत घेतला पाहिजे. उलट २००७ साली हैदराबाद येथील आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्याच कंपनीची येथील योजना १९७८ च्या कायद्याच्या कक्षेत येते, असे मत दिले. एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने तिची सुमारे ७५७ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. अमेरिकेत २०१६ साली 'हर्बलाइफ' कंपनीस २० कोटी डॉलर भरावे लागले आणि विक्रेत्यांचा मोबदला खऱ्या किरकोळ विक्रीशी जोडण्याचे बंधन मान्य करावे लागले. निर्णय वेगवेगळे, पण कसोटी सगळीकडे एकच : माल बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे खरोखर जातो की नाही ?

जेथे माल नावापुरताच असतो तेथे तर सरळ लूटच होते. 'स्पीक एशिया' या योजनेत ११,००० रुपये भरून घरबसल्या प्रश्नावल्या भरावयाच्या होत्या. २०११ साली ती कोसळली आणि देशातील लक्षावधी माणसांचे पैसे अडकले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला 'टोरेस' या दागिन्यांच्या दुकानाबाहेर जी गर्दी उसळली, तीत मोठ्या व्याजाच्या आशेने बचत गुंतविलेले भाजीवाले आणि लहान दुकानदारही होते. तेथेही नवे गुंतवणूकदार आणणाऱ्यास अधिक लाभाचे आमिष होते.

मग या क्षेत्रात पाऊल टाकूच नये काय ? ज्याला खरोखर विक्री करावयाची आहे, माल उत्तम आहे आणि भाव बाजाराशी जुळणारा आहे, त्याने थेट विक्री जरूर करावी. परंतु आधी पुढील प्रश्नांची उत्तरे घ्यावीत :

१. कमिशनची आशा नसलेला परका मनुष्य हा माल याच किमतीस घेईल काय ?
२. एकही माणूस न जोडता, केवळ मालाच्या विक्रीवर, महिन्याचा खर्च वजा जाता काही उरेल काय ?
३. सभासद होण्यासाठी किंवा राहण्यासाठी पैसे भरण्याची वा खरेदीची सक्ती आहे काय ?
४. न खपलेला माल कंपनी परत घेते काय ? तसे लेखी आहे काय ?
५. सभेत मालाविषयी अधिक बोलतात की श्रीमंतीच्या स्वप्नांविषयी ?

पहिल्या दोन प्रश्नांस 'नाही' असे उत्तर आले, तर उरलेल्या तिहींची चौकशी करण्याचेही कारण नाही.

शेवटी एक गोष्ट, जी कोणत्याही खातेवहीत मांडता येत नाही. या धंद्यात पहिली यादी करावयास सांगतात ती आप्तेष्टांची : मामा, आत्या, वहिनी, शेजारी, शाळासोबती. परका मनुष्य नाही म्हणेल, पण भाचा दारी आला तर मामा संकोचाने दोन डबे घेतो. हा व्यवहार मालाच्या गुणावर होत नाही, नात्याच्या भिडेवर होतो. बेळगाव, निपाणी, सांगली, हुबळी या पट्ट्यात आपल्या पेढ्यांचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शब्दावर चालत आले ते या पतीच्या जोरावर. पत म्हणजे वडिलांनी आपल्या नावे ठेवलेली सर्वांत मोठी ठेव. दोन-चार हजारांच्या कमिशनसाठी ती मोडून खाणारा मनुष्य नफ्यात असतो असे आम्हांस वाटत नाही. लग्नकार्यात ज्याला पाहून लोक बाजूस होतात, त्याने काय मिळविले ?

आमच्या तरुणांनी अल्प भांडवलावर धंदा अवश्य करावा. एखाद्या वस्तूची एजन्सी घ्यावी, घरगुती पदार्थ करून विकावेत, पेढीवर चार वर्षे उमेदवारी करावी. त्यांत पहिल्या वर्षी मोटार येणार नाही, परंतु जे गिऱ्हाईक येईल ते मालासाठी येईल आणि पुन्हा येईल. परत येणारे गिऱ्हाईक हेच व्यापाराचे मूळ भांडवल होय.