सरवा कुणाचा?

आजचा विषय सुगी. प्राचीन जगात कापणीच्या श्रमाला माणसांनी काय अर्थ दिला, हे आपण एका लहान गोष्टीवरून पाहू. ती गोष्ट म्हणजे सरवा, कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं आणि दाणे.

आधी काम कसं चालायचं ते बघा. विळ्यानं मूठमूठ कापायचं, मागून पेंढ्या बांधायच्या, खळ्यावर बैलांकडून मळणी, मग वाऱ्यावर उफणणी. पीक फार वाळलं की दाणे गळतात, म्हणून घाई. घाईत काही ना काही मागे राहणारच. ते कुणाचं?

प्राचीन इस्राएलमध्ये याचा नियमच होता. लेवीय या ग्रंथाचा १९वा अध्याय मालकाला बजावतो : शेत कडेपर्यंत कापू नकोस, सरवा वेचू नकोस, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. रूथची कथा याच नियमावर उभी आहे. रूथ मवाबी, म्हणजे परकी, आणि विधवा. जवाच्या कापणीच्या सुरुवातीला ती सासूबरोबर बेथलेहेमला येते. दिवसभर वेचून, झोडून तिच्याकडे एफाभर जव जमतो. म्हणजे साधारण २२ लिटर. शेतमालक दयाळू आहे, हे खरं. पण नियमाच्या दृष्टीनं ही भीक नव्हे. श्रम तिचे आणि हक्कही तिचा.

आता आपल्याकडे या. संस्कृतात दाणे वेचणं म्हणजे उंछ आणि कणसं वेचणं म्हणजे शिल. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात उंछवृत्तीनं जगणारं एक ब्राह्मण कुटुंब उपाशी राहून आपलं सातू पाहुण्याला देतं, आणि त्या दानापुढे युधिष्ठिराचा अश्वमेधही उणा ठरतो. वैशेषिक दर्शनाचे कणाद शेतात पडलेले कण वेचून राहत, अशी परंपरा आहे. मनुस्मृतीच्या ४थ्या अध्यायात ब्राह्मणाच्या उपजीविकांची प्रतवारी दिली आहे. तिथे उंछ-शिलाला 'ऋत' म्हटलंय, मागून आणलेल्या भिक्षेला 'मृत', आणि शेतीला? 'प्रमृत'! म्हणजे भिक्षेच्याही खाली. कारण १०व्या अध्यायात येतं : नांगराचा फाळ जमिनीला आणि तिच्यातल्या जीवांना इजा करतो.

फरक लक्षात आला ना? वाकून दाणा उचलण्याची क्रिया एकच. तिकडे तो गरिबाचा हक्क, इकडे निवडक माणसाचं व्रत. व्रत थोर आहे, त्यात अपरिग्रह आहे, अहिंसा आहे. पण जी बाई पोटासाठी सरवा वेचते, तिला या प्रतवारीत जागा कुठे? आणि ज्यानं नांगरलं, पेरलं, कापलं, त्याला?

नीतिशास्त्राचा प्रश्न इथे सुरू होतो. 'ऋत' वेचायला मिळावं म्हणून आधी कुणीतरी 'प्रमृत' करावंच लागतं. एखाद्याचं पावित्र्य दुसऱ्याच्या श्रमावर उभं असेल, तर त्या श्रमाला हीन म्हणण्याचा अधिकार त्याला उरतो का? मला वाटतं, उरत नाही. तुम्हीही विचार करा.