चेंबरलेनसाहेबांची जपानी बाराखडी

टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठानं १८८६ साली जपानी भाषेचा प्राध्यापक म्हणून नेमला तो चक्क एक इंग्रज. बेसिल हॉल चेंबरलेन. ऑक्सफर्डला जायचं हुकलेला, लंडनच्या बँकेत प्रकृती बिघडवून घेतलेला आणि हवापालट करता करता १८७३ साली जपानला लागलेला. पण ‘कोजिकी’सारखा अवघड प्राचीन ग्रंथ त्यानं इंग्रजीत आणला होता, त्यामुळे त्याच्या अधिकाराबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती.

जपान पाहायला आलेला जो तो त्याला तेच ते प्रश्न विचारी. एकदाची ही कटकट मिटावी म्हणून त्यानं १८९० साली उत्तरांचं पुस्तकच काढलं, ‘थिंग्ज जॅपनीज’. अबॅकसपासून झूऑलॉजीपर्यंत, इंग्रजी वर्णक्रमानं. आता याला ज्ञानकोश म्हणावं, तर गडी मधूनच स्वतःची मतं ठोकून देतो. जपानी संगीताला संगीत तरी कसं म्हणावं, इथपासून त्याची तक्रार! फॅशनच्या लाटांवरची नोंद मात्र बहारदार. १८७३च्या सुमारास टोकियोत सशांचं वेड पसरलं, एकेका सशाला वाट्टेल तो भाव येऊ लागला, शेवटी सरकारला दर सशामागे कर बसवावा लागला.

उलट्या रीतींचीही एक नोंद आहे. जपानी सुतार रंधा आपल्याकडे ओढतो, तळटीपा पानाच्या माथ्यावर छापतात, घरात शिरताना टोपी नाही तर पादत्राणं काढतात आणि कहर म्हणजे अंघोळीनंतर ओल्या फडक्यानं अंग पुसतात. वहाणा दारात काढणाऱ्या, पिळलेल्या पंचानं अंग पुसणाऱ्या आपल्या आजोबांना यात उलटं काय, तेच कळलं नसतं.

खरी गंमत आहे ती आवृत्त्यांमध्ये. त्याच १८९० साली लाफ्काडिओ हर्न हा लेखक जपानला आला. त्याला मात्सुएच्या शाळेत नोकरी मिळाली ती चेंबरलेननं खटपट केली म्हणून. मग दोघांची लांबलचक पत्रं सुरू झाली. त्यात जपानी संगीतावरून वादही झाले, हर्नला ते मनापासून आवडायचं ना! हर्नचं १८९४चं जपानवरचं पुस्तक ज्या दोन स्नेह्यांना अर्पण आहे, त्यांतला एक चेंबरलेन. यानंही परतफेड केली. आपल्या कोशात जपानवरच्या पुस्तकांविषयी लिहिताना हर्नची अचूकता आणि शैली दोन्ही वाखाणली, तीही तोंडभरून.

पुढे मैत्री आटली. हर्न १९०४ साली गेला. चेंबरलेननं १९११मध्ये जपान कायमचा सोडला, जिनिव्हात बिऱ्हाड केलं आणि १९३५ साली तिथंच देह ठेवला. त्यानं सुधारून ठेवलेली सहावी आवृत्ती १९३९ साली निघाली. तिच्यात हर्नवर वेगळी नोंद आहे, आणि ती वाचताना कान तापतात. हर्नला एकच डोळा, तोही अधू, हे तो सांगतो. म्हणतो, याला बारकावे लख्ख दिसत, पण सगळं मिळून काय होतं ते उमगत नसे. त्याचा जपान स्वप्नातला होता, असाही शेरा आहे. समीक्षा म्हणून यातलं काही पटेलही. पण मित्राच्या अधू डोळ्याचा असा दाखला?

कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचा जपानवरचा १९८३चा इंग्रजी कोश नऊ खंडांचा, शेकडो लेखकांचा. तिथं हे खपलं नसतं, कुणीतरी लाल पेन्सिल चालवली असती. इथं लेखक तोच, संपादकही तोच.