पाण्याखालचं खोरं, कागदावरचं खोरं

ग्रेट स्मोकी पर्वतात सुट्टीला गेलेल्या मंडळींनी फोंटाना तलाव पाहिला असेल. उत्तर कॅरोलायनातल्या लिटल टेनेसी नदीवरचं हे ४८० फूट उंच धरण दुसऱ्या महायुद्धात, विजेच्या गरजेपोटी, १९४२ ते १९४४ मध्ये घाईने बांधलं गेलं. त्या निळ्या पाण्याखाली काय होतं, ते जुने नकाशे सांगतात.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १८८४ पासून काढलेले स्थलनिर्देशक नकाशे ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मुलांना शेजारी बसवून धरणापूर्वीचा नकाशा उघडा. तपकिरी त्या समोच्च रेषा, निळं ते पाणी, काळं ते माणसाने उभारलेलं. नदीकाठाने रेल्वे जाते. जडसन, बुशनेल अशी गावं लागतात. रेषांची दाटी असेल तिथे चढ, विरळ असतील तिथे सपाटी. आणि डोंगराळ मुलखात सपाटी म्हणजेच शेत, घर, शाळा.

आता १७०० फुटांची रेषा बोटाने गिरवा. प्रत्येक ओढ्यात शिरून बोट बाहेर येतं आणि आजच्या तलावाचा काठ जवळजवळ तसाच उमटतो. पाण्याने नेमकी विरळ रेषांचीच जागा घेतली.

तेराशेहून अधिक कुटुंबं उठली. उत्तरेकडची सगळी घरं काही बुडाली नाहीत. पण तिथे जाणारा रस्ता बुडाला आणि जमीन राष्ट्रीय उद्यानात गेली. १९४३ च्या करारात नव्या रस्त्याचं वचन होतं. काही मैल आणि एक बोगदा झाल्यावर काम थांबलं. २०१० मध्ये रस्त्याऐवजी स्वेन काउंटीला ५.२ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं वाहायला वंशज आजही होडीने तलाव ओलांडतात.

कोयनेच्या खोऱ्यातून उठलेल्या घरांना यातलं काही नवं वाटणार नाही. शिवसागराखालीही गावं आहेत.

सरकारी नकाशात गावाचं नाव मिळतं. पण शेताला घरात काय म्हणत, देवळाकडे कोणती पायवाट जाई, पाणी कुठल्या विहिरीचं गोड, हे त्यात नसतं. ते आजी-आजोबांना ठाऊक असतं. दिवाळीच्या फोनवर फराळाची चौकशी झाली, की मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि आजीला गाव सांगू द्या. हा नकाशा कुठल्याही संकेतस्थळावर मिळायचा नाही.