छायाचित्रांतील गडद रंग

नागपुरांत फुटाळा तलावावर सूर्य मावळत असतां काठीं ठेवलेल्या संत्र्यांच्या टोपलीचें छायाचित्र घ्यावें आणि घरीं पडद्यावर तें फिकें, धुरकट दिसावें, असा अनुभव पुष्कळांना येतो. मग उत्साही हात सगळें चित्र काळें करतो आणि रंगाची कळ शेवटपर्यंत सरकवितो. तलावाचें काजळ होतें, व संत्र्यांच्या जागीं सपाट केशरी टिकल्या उरतात.

असें कां होतें? संगणकावरील नेहमींच्या चित्रांत प्रत्येक बिंदूला तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे तीन अंक असतात. प्रत्येक अंक ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. संत्र्यांत तांबडा वरचढ, निळा मुळांतच थोडा. रंग अतोनात वाढविला, कीं तांबडा २५५ वर थडकतो व निळा ० वर बसतो. सालीवरील बारीक खळगे ज्या चढउतारांनीं दिसतात, ते चढउतारच पुसले जातात. छायेंतील तिन्ही अंक ० झाले, तर तेथील तपशील त्या प्रतींतून पुन्हां काढतां येत नाहीं.

गडद म्हणजे निव्वळ काळें नव्हे. संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेची शोभा तिच्या घड्यांवर खेळणाऱ्या उजेडांत असते. राजा रविवर्मा यांच्या १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या छापखान्यांत निरनिराळ्या रंगांसाठीं निरनिराळे दगडी ठसे असत. रंगावर रंग चढत जाऊन चित्रास खोली येई.

संगणकावरही हाच संयम हवा. प्रथम 'कर्व्ह' नांवाच्या वक्ररेषेनें मधल्या छटा किंचित् खालीं आणाव्या. अगदीं काळ्या भागास ० पर्यंत ढकलूं नये, व उजळ भाग तसाच राखावा. एवढ्यानेंच रंग दाट दिसूं लागतो. त्यानंतर उणें वाटल्यास केवळ केशरी रंग थोडा वाढवावा व पाण्याची निळाई जराशी उतरवावी. पडद्याचा उजेड मध्यम ठेवावा. झगझगीत पडद्यावर ठीक वाटलेलें चित्र कागदावर काळोखें उतरतें.

संत्र्यांचें चित्र बिघडलें, तर दुसरें घेतां येईल. परंतु घरांतील आजोबांच्या एकुलत्या एका छायाचित्राची गोष्ट वेगळी. रंग गडद करण्याच्या भरांत डोळ्यांखालची सुरकुती गेली, तर माणसाची ओळखच पुसते. म्हणून मूळ प्रत अलग जपावी आणि सारे प्रयोग नकलेवर करावे.